आतल्या कानातल्या चेतापेशी, वृद्धिघटक आणि कॅल्शियम : सोलापुरातल्या एका मॉडेलच्या नोंदी

९ जानेवारी २०२५

विषय पक्का झाला. चेतापेशींना जगवणारे वृद्धिघटक आतल्या कानातल्या चेतापेशींचे कॅल्शियम-संकेत कसे बदलतात, हे संगणकावरच्या मॉडेलमध्ये पाहायचं. आमच्याकडे पेशी वाढवायची सोय नाही, त्यामुळे प्रयोग दुसऱ्यांचे आणि गणित आमचं. मी प्राणिशास्त्राची, प्रकल्पातला जोडीदार संगणकशास्त्राचा. पायथन त्याच्याकडे, पेशी माझ्याकडे.

आमच्या मार्गदर्शक मॅडमची अट एकच. मॉडेलमधला प्रत्येक आकडा कुठून आला ते वहीत हवं. अंदाजाने घातला असेल तर समोर 'अंदाज' असं लाल शाईने.

सुरुवातीची मापं लिहून ठेवते. माणसाच्या एका कॉक्लियात (आतल्या कानातली शंखासारखी नळी) आतल्या ओळीच्या केशपेशी, म्हणजे आवाजाची थरथर टिपणाऱ्या पेशी, सुमारे ३,५००. त्यांच्याकडून आवाज उचलून मेंदूकडे नेणाऱ्या स्पायरल गँग्लियनच्या चेतापेशी सुमारे ३०,०००. त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त पहिल्या प्रकारच्या, याच आतल्या ओळीशी जोडलेल्या, म्हणजे एकेका केशपेशीमागे दहाएक चेतापेशी. एवढ्याच तारांवर आयुष्यभराचं ऐकणं चालतं, आणि गेलेली चेतापेशी परत उगवत नाही.

१५ जानेवारी

गड्ड्याची जत्रा चालू. अभ्यास शून्य.

१९ जानेवारी

वृद्धिघटकांचं घराणं वाचून काढलं. सगळ्यांना माहीत असतो तो एनजीएफ, म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. रिता लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना त्यासाठी १९८६ चं नोबेल मिळालं. मुसोलिनीच्या राजवटीत ज्यू म्हणून विद्यापीठाचे दरवाजे बंद झाल्यावर या बाईंनी घरातल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर काम केलं. आमच्या विभागात 'साधनं नाहीत' हे वाक्य रोज कानावर पडतं, म्हणून हे मुद्दाम टिपलं.

पण कानापुरतं बोलायचं तर एनजीएफ हा मुख्य गडी नाही. इथे कारभार दोन भावंडांचा: बीडीएनएफ (ब्रेन-डिराइव्हड न्यूरोट्रॉफिक फॅक्टर; १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून शुद्ध करून वेगळा काढला) आणि एनटी-३ (न्यूरोट्रॉफिन-३). बीडीएनएफ ट्रक-बी या रिसेप्टरला (पेशीवरचं निरोप झेलणारं प्रथिन) धरतो, एनटी-३ ट्रक-सी ला, एनजीएफ ट्रक-ए ला. जनुक काढून टाकलेल्या उंदरांवरचं काम तर डोळे उघडणारं आहे. एनटी-३ नसेल तर स्पायरल गँग्लियनच्या बहुतांश चेतापेशी, साधारण ८५ टक्के, जन्माआधीच जातात. बीडीएनएफ नसेल तर ऐकण्याच्या चेतापेशी बऱ्याचशा टिकतात, पण तोल सांभाळणाऱ्या व्हेस्टिब्युलर चेतापेशींचा फडशा पडतो. एकाच हाडाच्या पोकळीतली दोन शेजारी खाती आणि दोघांचे पोशिंदे वेगळे.

म्हणून मॉडेलमध्ये 'वृद्धिघटक' असा एकच कप्पा करायचा नाही. दोन वेगळे कप्पे. जोडीदार कुरकुरला, समीकरणं वाढतात म्हणून. वाढू देत.

२७ जानेवारी

आज फक्त कॅल्शियम.

शांत बसलेल्या चेतापेशीच्या आत मोकळं कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असतं. बाहेरच्या द्रवात एक-दीड मिलिमोलर (एक मिलिमोलर म्हणजे दहा लाख नॅनोमोलर). म्हणजे दहा हजार पटींहून जास्त फरक. एवढी उतरंड असल्यावर दार जरा किलकिलं झालं तरी आत लोंढा येतो, आणि पेशी त्याचाच निरोप म्हणून वापर करते.

दारं कोणती? व्होल्टेजवर उघडणारे चॅनेल (या पेशींमध्ये एल, एन, पी/क्यू, आर, टी असे बरेच प्रकार सापडले आहेत). एटीपीवर उघडणारे पी२एक्स. रिसेप्टरच्या साखळीतून उघडणारे टीआरपीसी-३. आणि घरातलाच साठा, म्हणजे आंतर्द्रव्यजालिका, जिथून आयपी३ची चावी लागली की कॅल्शियम पेशीद्रवात उतरतं. बाहेर काढणारे पंप वेगळे, आणि मायटोकॉन्ड्रिया अधेमधे ओंजळभर उचलून ठेवतात.

पहिल्या फेरीत ठेवलं ते असं: एल प्रकार, टीआरपीसी-३, आंतर्द्रव्यजालिका, दोन पंप. पी२एक्स गाळलं. मायटोकॉन्ड्रिया गाळताना मन खात होतं, पण त्याचे आकडे या पेशीसाठी आमच्या हाती नाहीत आणि मॅडमची लाल शाई महाग आहे.

४ फेब्रुवारी

आतापर्यंत वाचलेल्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आज हाती लागलं. आयोवा विद्यापीठातल्या स्टीव्हन ग्रीन यांच्या गटाचं, १९९७ चं. रॅटच्या पिलांच्या स्पायरल गँग्लियनमधल्या चेतापेशी बशीत वाढवल्या आणि बाहेरच्या द्रवातलं पोटॅशियम वाढवून त्यांना सतत किंचित उत्तेजित ठेवलं. कुठलाही वृद्धिघटक न घालता पेशी जगल्या. वृद्धिघटकांनी जगतात त्याहून चांगल्या जगल्या. दोन्ही एकत्र दिल्यावर फायदा बेरजेने वाढला.

मग कॅल्शियम मोजलं, तेव्हा खरी गोष्ट पुढे आली. पोटॅशियममुळे एल प्रकारचे चॅनेल उघडतात, आतलं कॅल्शियम वाढतं, आणि ते एका ठरावीक पट्ट्यात असेल तरच पेशीला आधार मिळतो. पट्ट्याखाली आधार नाही, पट्ट्यावर गेलं तर उलट नुकसान.

मी हा परिच्छेद जोडीदाराला दोनदा वाचून दाखवला. कारण आमच्या मॉडेलचं 'उत्तर' काय मोजायचं ते इथे ठरतं. कॅल्शियमची उंची मोजून भागणार नाही. ते पट्ट्यात किती वेळ राहिलं, हे मोजायचं.

त्याच गटाच्या पुढच्या कामात आणखी एक पेच आहे. पोटॅशियमने उत्तेजित ठेवलेल्या पेशी जगतात, पण त्यांचे तंतू नीट वाढत नाहीत. कॅल्शियमने जागा होणारा कॅमकायनेज-२ हा एन्झाइम जगण्याच्या बाजूनेही साक्ष देतो आणि तंतूंना ब्रेकही लावतो. वृद्धिघटक मात्र जगवतात आणि तंतूही वाढवतात. म्हणजे दोघांचा मुक्काम एक दिसला तरी वाट एक नाही. वृद्धिघटक म्हणजे निव्वळ 'कॅल्शियम वाढवणारा पदार्थ' असता, तर हा फरक पडलाच नसता.

५ फेब्रुवारी

मॅडमना कालचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बीडीएनएफ मॉडेलमध्ये नेमका कुठे घालणार? तेवढं एक आधी ठरव." ठरलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

जलद वाट आज चालवून पाहिली. बीडीएनएफ ट्रक-बी ला चिकटला की रिसेप्टरच्या शेपटाशी तीन साखळ्या सुरू होतात: रास-ईआरके, पीआय३के-एकेटी आणि पीएलसी-गॅमा. कॅल्शियमशी थेट नातं तिसरीचं. पीएलसी-गॅमा पेशीपटलातल्या मेदाचे दोन तुकडे करतो. त्यातला आयपी३ आंतर्द्रव्यजालिकेचं दार उघडतो, आणि मेंदूतल्या चेतापेशींवरच्या १९९९ च्या कामाप्रमाणे याच साखळीतून टीआरपीसी-३ सुद्धा उघडतो. हा चॅनेल कॉक्लियातही आहे. त्याची आमच्या पेशीतली घनता मात्र लाल शाईने लिहिली.

आंतर्द्रव्यजालिकेसाठी ली आणि रिंझेल यांचं १९९४ चं दोन समीकरणांचं मॉडेल घेतलं. ते आटोपशीर आहे आणि त्याचा स्वभाव आधीच माहीत आहे. आयपी३ कमी ठेवलं तर कॅल्शियम खाली गप्प बसतं. साधारण ०.३६ ते ०.६४ मायक्रोमोलर या टप्प्यात लाटा उठतात. त्याच्या वर लाटा थांबतात आणि कॅल्शियम उंचावर अडकून बसतं. कारण असं की, आयपी३चं दार थोड्या कॅल्शियमने आणखी उघडतं आणि जास्त कॅल्शियमने, जरा उशिरा, बंद होतं. हा उशीरच लाटा घडवतो.

आमच्या पडद्यावरही हुबेहूब तसंच आलं. जोडीदाराने त्याचा आलेख फोनवर वॉलपेपर म्हणून लावला आहे.

टीप: ली-रिंझेलचे मूळ आकडे आमच्या पेशीचे नाहीत. आकार विश्वासाचा, वेळेचं माप उसनं.

२० फेब्रुवारी

प्रयोगांच्या आलेखांशी आमची रेघ जुळवताना एक अडचण. प्रयोगात कॅल्शियम थेट दिसत नाही, कॅल्शियम पकडल्यावर चमक बदलणारं फ्युरा-२ सारखं रंगद्रव्य दिसतं. रॉजर त्सिएन यांच्या गटाने ते १९८५ मध्ये आणलं. ३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने आळीपाळीने चेतवायचं, ५१० च्या आसपास चमक मोजायची आणि दोन्हींचं गुणोत्तर घ्यायचं. गुणोत्तर घेतल्यामुळे रंगद्रव्य कुठे कमी-जास्त भरलं याने फार बिघडत नाही.

पण हे रंगद्रव्य स्वतःच कॅल्शियम पकडतं (बंधनाचा स्थिरांक सुमारे २२४ नॅनोमोलर). पेशीत ते भरलं की तिथे एक जास्तीचा साठवणदार येतो आणि उसळी बुटकी, लांबट होते. म्हणून मॉडेलमध्येही फ्युरा घातलं. प्रयोगाशी ताडताना फ्युरासकट चालवायचं, पेशीत काय घडत असेल ते पाहायचं तेव्हा फ्युरा काढून.

दुसरं तापमानाचं. बऱ्याच नोंदींत 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं, म्हणजे त्यांच्याकडचे वीस-बावीस अंश. आमच्या खोलीचं तापमान एप्रिलमध्ये लावलं तर मॉडेल उकळेल. चॅनेलचा वेग दर दहा अंशांना दोन ते तीन पट वाढतो असं धरतात. शरीराच्या ३७ वर आणताना तेवढी दुरुस्ती केली.

२ मार्च

आज संगणक बंद. आमच्या शेजारचे काका पूर्व भागात यंत्रमागावर होते, टॉवेलच्या कारखान्यात. आता निवृत्त. त्यांच्याबरोबर त्यांच्या जुन्या शेडमध्ये जाऊन आले. आत शिरल्यावर शेजारी उभ्या माणसाशी बोलायला कानाला तोंड लावावं लागतं. कामगार एकमेकांशी खुणांनी बोलतात, आणि ते इतकं सफाईदार की मालकाची नक्कलसुद्धा खुणांनीच होते.

काकांना विचारलं, ऐकू कमी येतं का? "ऐकू येतंय की. आवाज येतो, शब्द लागत नाही. लग्नाघरात तर काहीच लागत नाही."

हे वाक्य घरी येऊन जसंच्या तसं लिहिलं, कारण पुस्तकातही जवळपास हेच आहे. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये दाखवलं की उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला तर ऐकण्याची पातळी काही दिवसांत पूर्ववत होते, केशपेशी शाबूत राहतात, पण वरच्या सुरांच्या भागात केशपेशी आणि चेतापेशी यांच्यामधले जवळजवळ निम्मे सिनॅप्स (निरोप पोचवणारे सांधे) कायमचे जातात. नेहमीच्या श्रवणचाचणीत हे सापडत नाही. गोंगाटातून शब्द वेगळा काढायला अडचण येते ती यामुळे असू शकते. चेतापेशींच्या मुळाशी असलेलं शरीर नंतर हळूहळू, महिन्यांनी, वर्षांनी मरतं.

आपल्याकडे कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि १०० डेसिबलला दोन तास. दोन तास, १०० डेसिबल: उंदरांच्या प्रयोगातलाच आकडा. उंदराचा कान वेगळा, आवाजाचा पट्टा वेगळा, तुलना सरळ करता येत नाही हे मला कळतं. तरी तो तक्ता बघून मी बराच वेळ गप्प होते. काकांची चाचणी झालेली नाही, त्यांच्या कानात नक्की काय गेलं ते मी सांगणार नाही.

आमच्या विषयाशी याचा दुवा असा. आवाजाच्या माऱ्यात केशपेशी जास्तीचं ग्लुटामेट, म्हणजे निरोप पोचवणारं रसायन, सोडते, चेतापेशीच्या टोकात आयन आणि कॅल्शियम घुसतं, टोक सुजतं आणि तुटतं. म्हणजे कॅल्शियमचा पट्टा ओलांडण्याचं हे खऱ्या आयुष्यातलं उदाहरण. २०१४ मध्ये गॅब्रिएल कॉर्फस यांच्या गटाने उंदरांच्या कानातल्या आधारपेशींकडून जास्तीचा एनटी-३ बनवून घेतला, तेव्हा आवाजाने तुटलेले सिनॅप्स बरेचसे परत जुळले. बीडीएनएफने तसं झालं नाही.

११ मार्च

मॅडमच्या ५ फेब्रुवारीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं असं वाटतंय.

रॉबिन डेव्हिस यांच्या गटाचं २००२ चं काम. कॉक्लियाच्या पायथ्याशी उंच सूर ऐकले जातात, टोकाशी खर्ज. पायथ्याच्या चेतापेशी झटपट प्रतिसाद देऊन थांबतात. उत्तेजन चालू असलं तरी एखाद-दुसरा ठोका (विजेचा स्पंद) आणि गप्प. टोकाच्या चेतापेशी रेंगाळत ठोके देत राहतात. या गटाने पेशींना काही दिवस बीडीएनएफमध्ये ठेवलं, तर त्या पायथ्यासारख्या वागू लागल्या, मग त्या मुळात कुठल्याही का असेनात. एनटी-३ मध्ये ठेवलं, तर टोकासारख्या. पेशीपटलावरचे पोटॅशियम चॅनेल बदलले होते: बीडीएनएफने केव्ही१.१, केव्ही३.१ यांसारखे झटपट ब्रेक लावणारे चॅनेल वाढले.

जेकार्ड मागावर चादरीची नक्षी बदलायची तर कोणी मोटरचा वेग बदलत नाही, पुठ्ठ्यांची माळ बदलतो. बीडीएनएफ दिवसांच्या मापाने हेच करतो. कॅल्शियमचं दार ढकलत बसत नाही, कोणतं दार कधी उघडेल त्याची माळच नवी लावतो.

म्हणून आता मॉडेलमध्ये दोन घड्याळं. जलद घड्याळ सेकंद-मिनिटांचं: पीएलसी-गॅमा, आयपी३, टीआरपीसी-३. मंद घड्याळ दिवसांचं: पोटॅशियम चॅनेलची घनता बीडीएनएफ आणि एनटी-३ यांच्या प्रमाणावर हळूहळू सरकते.

१२ मार्च

मॅडम: "आता जरा बरं चाललंय." (मॅडमकडून यापेक्षा जास्त कोणाला मिळालेलं नाही.)

२४ मार्च

दोन घड्याळांचं मॉडेल चाललं. सारखंच उत्तेजन, सारख्याच कालावधीचं, तीन पेशींना.

कुठलाच घटक नसलेली पेशी मधल्या स्वभावाची. एनटी-३ मध्ये 'मुरलेली' पेशी ठोक्यांची माळ देते, प्रत्येक ठोक्याला एल चॅनेलमधून थोडं कॅल्शियम येतं, पंपाला उपसायला सवड मिळत नाही, आणि पायरी-पायरीने ते पट्ट्यात चढून तिथे थांबतं. बीडीएनएफमध्ये मुरलेली पेशी एक ठोका देते आणि थांबते. कॅल्शियमची एक लहान उसळी, मग उतार.

आता गंमत. त्याच बीडीएनएफच्या पेशीत जलद घड्याळही चालू ठेवलं तर आंतर्द्रव्यजालिकेतून कॅल्शियम वर येतं. म्हणजे एकच रेणू एका वाटेने कॅल्शियम वाढवतो आणि दुसऱ्या वाटेने, पेशीला मितभाषी करून, आवाजाबरोबर येणारं कॅल्शियम कमी करतो. 'बीडीएनएफने कॅल्शियम वाढतं की घटतं?' या प्रश्नाला, कधी मोजलं हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. घटक ओतल्यावर पाच मिनिटांनी मोजणारा आणि तीन दिवसांनी उत्तेजन देऊन मोजणारा, दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

मला यात एक सोय दिसते. झटपट थांबणारी पेशी उंच सुरांच्या वेळेची नोंद चोख ठेवते, पण तिच्या ठोक्यांतून मिळणारा कॅल्शियमचा आधार कमी. तो खड्डा बीडीएनएफची आतली वाट भरून काढत असेल, तर हिशेब जुळतो. ही आमच्या मॉडेलची अटकळ आहे आणि वहीत ती लाल शाईनेच आहे. तपासायचा प्रयोगही सोपा सुचतो: मुरलेल्या पेशीत पीएलसी-गॅमाची वाट अडवायची आणि पट्ट्यातला वेळ घसरतो का ते बघायचं.

८ एप्रिल

विभागात सादरीकरण. पंखे पूर्ण वेगाने, आवाज त्यांच्यावर काढावा लागला. हेतू नसताना प्रात्यक्षिक झालं.

पहिला प्रश्न अपेक्षित होता: मग बहिरेपणावर बीडीएनएफचं इंजेक्शन का देत नाहीत? सांगितलं ते असं. हे प्रथिन आहे, रक्तातून आतल्या कानात सहज शिरत नाही. प्राण्यांत पंपाने थेट कॉक्लियात सोडलं तर चेतापेशी टिकतात. पण पंप थांबल्यावर काय, यावर प्रयोगांचं एकमत नाही. काहींत पेशी पुन्हा झपाट्याने गेल्या, काहींत तग धरून राहिल्या. ऑस्ट्रेलियात गॅरी हाउसली यांच्या गटाने २०१४ मध्ये गिनीपिगमध्ये कॉक्लियर इम्प्लांटच्याच (बहिरेपणासाठी कानात बसवायचं विजेचं यंत्र) तारांतून विजेचे झटके देऊन बीडीएनएफचं जनुक आतल्या पेशींत घातलं आणि चेतातंतू तारांच्या दिशेने वाढवून दाखवले. माणसांत कानाच्या पडद्यामागे बीडीएनएफचं जेल सोडण्याचा एका अमेरिकन कंपनीचा प्रयत्न २०२२ मध्ये दुसऱ्या टप्प्यातच थांबला, ठरवलेला फायदा दिसला नाही.

माझं मत विचारलं म्हणून दिलं: घटक किती दिला यावर सगळ्यांचं लक्ष आहे. तो किती वेळ टिकला, कॉक्लियाच्या कुठल्या भागात पोहोचला आणि तिथल्या पेशीला तिच्या स्वभावाच्या उलट वळण तर नाही ना लावलं, हे बघायला हवं. खर्जाच्या पेशींना बीडीएनएफमध्ये भिजवून झटपट थांबायला शिकवलं, तर पेशी जगेल, पण ऐकलेलं बदलेल.

दुसरा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या सरांचा: समीकरणं ताठर आहेत (वेगवान आणि संथ बदल एकत्र), वेळेची पायरी किती ठेवली? इथे जोडीदार खुलला. ठोके मिलिसेकंदांत, लाटा सेकंदांत, चॅनेलची घनता दिवसांत. तिन्ही एकाच पायरीने चालवायचे तर लॅपटॉप उन्हाळाभर फिरत राहील. म्हणून मंद घड्याळ गोठवून जलद भाग चालवायचा, त्याची सरासरी काढायची, मंद घड्याळ एक पाऊल पुढे सरकवायचं, पुन्हा गोठवायचं. सर समाधानी. मला वाटतं सगळ्यांत जास्त टाळ्या या उत्तरालाच मिळाल्या.

१७ एप्रिल

अहवालाची मांडणी सुरू. काकांसाठी मात्र एक काम वेगळं केलं: कानाच्या डॉक्टरांकडे नुसत्या शिट्ट्यांची चाचणी नको, गोंगाटातल्या शब्दांचीही करतात का, ते विचारून ठेवलं. करतात. पुढच्या आठवड्यात जायचं.

२६ एप्रिल

जोडीदाराला पी७५ रिसेप्टरही घालायचा आहे, कारण वृद्धिघटकांची कच्ची, न कापलेली रूपं त्याला धरतात आणि पेशीला मरणाच्या वाटेला लावू शकतात. मॅडमचं म्हणणं, आता नवीन काही नको, आहे ते नीट लिहा. दोघांचंही पटलं. पी७५ साठी वेगळी फाइल उघडली आहे, मुख्य मॉडेलला हात लावलेला नाही. लाल शाईच्या आकड्यांचा तक्ता अहवालात शेवटी न टाकता पहिल्या प्रकरणातच जाईल.